किट कार रांगेत थांबली की तापते? रेडिएटर बदलण्याआधी हवा शोधा

रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, कूलंट काठोकाठ, तरी गाडी तापते. हवा काढली की चार दिवस बरी चालते आणि मग एखाद्या राउंडअबाउटच्या रांगेत काटा पुन्हा लाल पट्ट्याकडे सरकायला लागतो. इंग्लंडात लोटस सेव्हन धर्तीची किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी, बांधणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे, आणि त्यावरचा पहिला सल्लाही ठरलेला असतो: मोठा रेडिएटर टाक. शे-दोनशे पाउंड खर्चून तो टाकला तरी बऱ्याचदा दुखणं जागच्या जागी राहतं.

रस्त्यावरच्या रोजच्या चालवण्यात दोन लिटरचं इंजिन आपल्या ताकदीचा छोटासाच हिस्सा वापरतं. गाडी सहाशे किलोच्या आसपासची असेल तर आणखीच कमी. तेव्हा एखाद्या छोट्या हॅचबॅकचा रेडिएटर तिला सहसा पुरतो. अडचण असते हवेची, आणि तीही दोन ठिकाणी. जिथे हवा नको, म्हणजे पाण्यात, तिथे ती अडकून बसलेली असते. आणि जिथे हवी, म्हणजे रेडिएटरच्या जाळीतून, तिथून ती जात नसते.

हे किट कारमध्येच का होतं? मूळ लोटस सेव्हन १९५७ची. १९७३पासून ती गाडी केटरहॅम कंपनीकडे आहे, आणि त्याच आकाराच्या गाड्या लोक आजही घरच्या गॅरेजात बांधतात. या गाडीचं नाक बुटकं आणि खाली झुकलेलं. रेडिएटर जमिनीलगत बसतो आणि इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं डोकं, त्याच्यापेक्षा वर राहतं. त्यात आता फोर्डचं झेटेक इंजिन घाला. मोन्डिओत किंवा फोकसमध्ये ते आडवं बसवलेलं असतं; आपण ते लांबीच्या दिशेनं बसवतो. थर्मोस्टॅटचं (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेचं) हाउसिंग हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतं, ते आता थेट बल्कहेडला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीला, जाऊन भिडतं. रेडिएटर पुढे, गरम पाण्याचं तोंड मागे, मध्ये वळणं घेत जाणारे होस. कारखान्यात कुणीतरी हिशेबानं आखलेला हवेचा रस्ता या सगळ्यात नाहीसा होतो. तो आपण परत आखला नाही, तर कितीही मोठा रेडिएटर लावा.

कधी तापते, ते आधी बघा

पान्हा हातात घेण्याआधी हे एवढं करा, निम्मं काम इथेच होतं.

पळताना ठीक, थांबली की तापते: पंखा बघा, त्याची दिशा आणि वायरिंग बघा. थांबली की ठीक, पण मोटरवेवर ताशी ६०-७० मैलांना तापते: हवा जाळीतून जात नाही, किंवा खालचा होस चिमटतो आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा उडी मारतो: आत हवा धरली आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा पाणी फिरतच नाही. आणि गाडी बंद केल्यावर काटा थोडा वर जातो, मग उतरतो: हा दोष नाही. फिरणारं पाणी थांबलं की हेडची उष्णता त्यात उतरते, एवढंच.

काटा खरं बोलतो का?

किट कारमध्ये हा प्रश्न विचारावाच लागतो. बॉडी फायबरची असते, तिच्यातून करंट जात नाही. चासीला पावडर कोटिंग असतं, त्यातूनही जात नाही. बोल्ट कसून आवळला म्हणजे अर्थ (करंटची बॅटरीकडे परतायची वाट) मिळाला असं इथे नसतं. वायसरखालचं कोटिंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी (स्टार) वायसरनं घट्ट करा, वर थोडं ग्रीस लावा. ओळखायची खूण सोपी आहे: हेडलाइट लावले की तापमानाचा काटा हलतो. इंजिन दिव्यांमुळे गरम होत नाही. अर्थ खराब आहे.

दुसरी गोष्ट सेन्सरची. मीटर एका बनावटीचं आणि सेन्सर इंजिनबरोबर आलेला असेल, तर दोघांचं जमतंच असं नाही. सेन्सर काढा, वायर जोडलेलीच ठेवून त्याच्या धातूला अर्थची एक जादा वायर द्या आणि टोक उकळत्या पाण्यात धरा. काटा शंभरावर यायला हवा. नाही आला, तर किती चुकतोय ते तरी कळलं.

तिसरी गोष्ट फसवी आहे. सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या किंवा वाफेच्या पोकळीत असेल, तर तो कमी तापमान दाखवतो. हेडमध्ये पाणी उकळतंय आणि मीटर सत्तरावर निवांत. मग ती पोकळी सरकते, गरम पाणी सेन्सरला लागतं आणि काटा क्षणात वर. असा उडी मारणारा काटा दिसला की मीटरला दोष देऊ नका. आत हवा आहे. पंख्याचा थर्मोस्विच रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत असेल तर त्याच्या बाबतीतही हेच होतं. त्याच्याभोवती हवा असली तर पंखा सुरूच होत नाही.

पाण्यातली हवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

नियम एकच आहे: भरायचं तोंड आणि प्रेशर कॅप ही पूर्ण सिस्टिममधली सगळ्यात उंच जागा असली पाहिजे. सेव्हनमध्ये रेडिएटर खाली असल्यामुळे रेडिएटरवरच्या टोपणातून भरून हे कधीच साधत नाही. वेगळी हेडर टाकी लागते, बल्कहेडवर, हेडपेक्षा वर. फोक्सवॅगनची गोल बाटली यासाठी बऱ्याच जणांची आवडती आहे, कारण ती स्वस्त, आरपार दिसणारी आणि दाब सहन करणारी असते.

टाकीला तीन जोडण्या लागतात. तळातून एक जाडसर होस, साधारण १९ मिमीचा, थेट पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला. वरच्या भागात दोन बारीक नळ्या, ६ ते ८ मिमीच्या: एक हेडच्या किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगच्या सर्वांत उंच जागेपासून, दुसरी रेडिएटरच्या सर्वांत उंच कोपऱ्यापासून. या बारीक नळ्यांमध्ये कुठेतरी दोन-तीन मिमीचं भोक असलेली अडवण ठेवा. नाहीतर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून टाकीतूनच फिरत बसतं. तळाचा होस वरच्या गरम होसला जोडलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. त्यानं पंपाला पाठबळ मिळत नाही. जोडणी पंपाकडेच हवी.

सर्वांत उंच कोपरा कोणता, हे चासीवर बसवल्यावर ठरवा, टेबलावर नाही. क्रॉसफ्लो, म्हणजे पाणी आडवं वाहणाऱ्या, रेडिएटरच्या टाक्या दोन बाजूंना असतात आणि नाकात बसवण्यासाठी तो मागे झुकवला जातो. लेस्टरजवळच्या एका मित्राच्या गाडीत पाणी येण्या-जाण्याची दोन्ही तोंडं डावीकडे होती आणि ब्लीडची, म्हणजे हवा काढायची, नळीही सोयीसाठी डावीकडेच लावलेली. आम्ही त्या नळीचा एक तुकडा काढून जागी पारदर्शक नळी घातली आणि इंजिन चालू ठेवलं. नळीतून स्वच्छ पाणी येत होतं, एकही बुडबुडा नाही. जाळीवर हात फिरवला तर उजवीकडची वरची चार बोटं रुंदीची पट्टी गार, बाकी सगळं चटका देणारं. म्हणजे हवा उजव्या वरच्या कोपऱ्यात बसली होती आणि तिथून बाहेर पडायला वाटच नव्हती. तिथे एक बारीक तोंड वेल्ड करून घेतलं, नळी जोडली, आणि इंजिन सुरू करताच पारदर्शक तुकड्यातून बुडबुड्यांची माळ जायला लागली. त्या गाडीचा रेडिएटर त्याआधी एकदा बदलून झाला होता.

होसची चढ-उतारही तपासा. हेडपासून रेडिएटरकडे जाताना होस आधी वर चढून मग खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यावर हवा धरणारच. एक तर होस सरळ उतरता करा, नाहीतर उंचवट्यावर ब्लीड स्क्रू बसवा.

झेटेक वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. हीटर नको म्हणून हीटरची तोंडं बंद करून टाकतात. मग थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला जागाच उरत नाही, गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत वेळेवर पोचत नाही आणि तो उशिरा, एकदम उघडतो. हीटर नसला तरी त्याचे दोन होस एकमेकांना जोडून वाट चालू ठेवा. थर्मोस्टॅटच्या कडेला ३ मिमीचं भोक पाडून ते वरच्या बाजूला येईल असं बसवलं, तर भरताना अडकलेली हवाही निसटते.

थर्मोस्टॅट काढून टाकावा का? नको. बायपास असलेल्या बऱ्याच इंजिनांत त्यानं पाणी रेडिएटर सोडून बायपासनंच पळतं. शंका असेल तर पातेल्यात पाण्याबरोबर गरम करून बघा, तो किती अंशांना उघडतो ते त्याच्यावरच कोरलेलं असतं.

भरताना घाई करू नका. भरायचं तोंड ज्या टोकाला आहे ते टोक जॅकवर उचला. "गाडीचं नाक वर कर" हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण टाकी बल्कहेडवर असेल तर नाक उचलून रेडिएटर टाकीच्या बरोबरीला आणण्यात काय हशील? हीटरचा कॉक उघडा, हळूहळू भरा, होस हातानं दाबत राहा. प्रत्येक दाबाला टाकीत बुडबुडे येतील. ते थांबले की झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की टाकीतली पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा वर भर घाला आणि झाकण लावा. पंखा एक-दोनदा चालू-बंद होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण गार असताना, पातळी पुन्हा बघा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

झाकण

प्रेशर कॅप कुकरच्या शिट्टीसारखं काम करते: दाब धरून पाण्याला शंभरावर उकळू देत नाही. १ बारची, म्हणजे साधारण १५ पीएसआयची कॅप असेल तर साधं पाणी १२०च्या आसपास उकळतं. निम्मं अँटीफ्रीझ असेल तर त्याहून वर. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही पाणी उकळून बाहेर येईल.

किट कारमध्ये हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे दोन झाकणं: एक रेडिएटरवर आलेलं, दुसरं हेडर टाकीवर. दाब धरणारं झाकण एकच हवं, सगळ्यात उंचावर. दोन असली तर कमी दाबाचं आधी उघडतं, आणि ते खालचं असेल तर तिथून हवा नाही, पाणी जातं. रेडिएटरवर नुसतं बंद टोपण लावा.

जाळीतून जाणारी हवा

हवा आळशी असते. नाकातून आत आलेली हवा जाळीतून घुसण्यापेक्षा रेडिएटरच्या कडेनं, वरून, खालून निसटून जाते. नाक काढा आणि रेडिएटरच्या चारही बाजूंना हात घालून बघा. जिथे हात जातो तिथून हवा जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यानं नाकाच्या तोंडापासून जाळीच्या कडेपर्यंत डक्ट करा, आणि पत्रा व फायबर यांच्यामधल्या फटीत फोमची पट्टी चिकटवा. डक्ट नीट बंद असला तर नाकाचं तोंड जाळीच्या निम्म्याहून लहान असलं तरी चालतं. तोंड मोठं करण्यासाठी फायबर कापत बसू नका.

आत आलेल्या हवेला बाहेरही पडावं लागतं. इंजिनच्या भागात दाब साठला तर जाळीच्या पुढे आणि मागे दाब सारखा होतो आणि हवा थबकते. बॉनेटच्या बाजूंना किंवा वर लूव्हर्स, म्हणजे तिरप्या फटी, असतात ते दिखाव्यासाठी नसतात. "पळताना तापते, थांबली की ठीक" असं असेल तर बॉनेट काढून एकदा त्याच रस्त्यावर चालवून बघा. फरक पडला तर उत्तर मिळालं.

पंखा जाळीच्या मागे, ओढणारा असेल तर उत्तम. पुढे ढकलणारा लावायचा तर त्याची पाती त्या कामाची हवीत किंवा उलटी बसवता येणारी हवीत. नुसत्या वायरी उलट्या जोडल्या की मोटार उलटी फिरते, पण पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला राहतो आणि हवा निम्मीही जात नाही. त्याहून वाईट म्हणजे अजाणता उलटा फिरणारा पंखा: तो समोरून येणाऱ्या हवेशीच झुंजतो. जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. पंखा सुरू झाल्यावर ते जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. उडून बाहेर आलं तर दिशा चुकलीय.

पंख्याला रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) द्या आणि जाड वायर द्या. डॅशबोर्डवरच्या स्विचमधून सगळा करंट नेला तर स्विच तापतो आणि पंखा मंद फिरतो. पंख्याच्याच दोन टोकांवर मल्टिमीटर लावून बघा. इंजिन चालू असताना १३ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. ११ मिळत असतील तर वायर बारीक आहे किंवा अर्थ खराब. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी द्याव्या लागणाऱ्या आयव्हीए चाचणीत (२००९पासून ती जुन्या एसव्हीए चाचणीच्या जागी आली) उत्सर्जन मोजताना गरम इंजिन उभ्या गाडीत वाढवून चालवलं जातं. पंख्याचं वायरिंग कच्चं असेल तर ते तिथेच, परीक्षकासमोर, उघडं पडतं.

खालचा होस, क्लिपा आणि रबर

रेडिएटरच्या खालच्या होसमधून पंप पाणी ओढतो. होस मऊ असेल तर जास्त आरपीएमला तो आत दबतो आणि पाणी अडतं. कुणाला तरी ४००० आरपीएमवर धरायला सांगा आणि होसकडे बघा, हात बेल्ट आणि पंख्यापासून लांब ठेवून. चिमटत असेल तर आत स्प्रिंग घाला किंवा मधला लांब भाग अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपनं करा. पाइपच्या टोकांना कड उठवलेली हवी. गुळगुळीत टोकावरून होस दाबानं निसटतो, क्लिप कितीही आवळा.

रेडिएटर चासीला थेट बोल्टनं कसू नका. हलकी चासी पिळवटते आणि तो पीळ जाळी व टाकीच्या सांध्यावर येतो. रबरी बुशांवर बसवा, थोडा हलू द्या. वारंवार त्याच सांध्याला गळती लागत असेल तर वेल्डिंग करणाऱ्याला दोष देण्याआधी हे बघा.

कूलंटबद्दल थोडक्यात: निम्मं-निम्मं मिश्रण ठेवा, ते साधारण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमला गंजापासून वाचवतं. दोन वेगळ्या प्रकारची कूलंटं एकत्र करू नका. साधं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं हे खरं, आणि पुण्या-मुंबईतली फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांच्या स्पर्धेतली) पोरं नियमानंच फक्त पाणी वापरतात, कारण अँटीफ्रीझमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागच्याची गाडी घसरते. इंग्लंडच्या हिवाळ्यात गॅरेजात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते परवडणार नाही.

तरीही तापत असेल तर

आधी हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची, शंका फेडा. हवा काढूनही रोज नवी हवा येत असेल तर ती सिलिंडरमधून येत असू शकते. ब्लॉक टेस्टर मिळतो: त्यातलं निळं द्रव टाकीच्या तोंडावरची हवा ओढून घेतं आणि एक्झॉस्टचा वायू असेल तर पिवळं पडतं. पिवळं पडलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा, हेड उतरवा.

द्रव निळंच राहिलं तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि इंजिन गरम असताना रेडिएटरमध्ये जाणारा व बाहेर पडणारा होस मोजा. चकचकीत धातूवर तो चुकतो, म्हणून रबरावर धरा. दोन्हींत खूप मोठा फरक असेल, बाहेर पडणारा जवळजवळ गार, तर रेडिएटर आपलं काम करतोय, पाणीच कमी फिरतंय: पंप, थर्मोस्टॅट, चिमटलेला होस. दोन्ही जवळपास सारखेच तापलेले असतील, हवा काढलेली असेल, डक्ट बंद असेल आणि पंखा नीट ओढत असेल, तर मात्र जाळी खरंच अपुरी पडते आहे. ट्रॅकवर पूर्ण ताकदीनं लॅपमागून लॅप मारणाऱ्यांच्या बाबतीत हे होतं. मग खुशाल मोठा रेडिएटर घ्या, फक्त वरच्या दोन्ही कोपऱ्यांत ब्लीडचं तोंड असलेला बघून घ्या.